व्ही-रे, कोरोना, एनस्केप, लुमियन की डी-फाईव्ह? इंटिरियरवाल्यांसाठी

रेंडरिंगला, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र काढायला, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी दोनच गोष्टी विचारतो, मॉडेल कशात करता आणि मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे, कारण निम्मी यादी इथेच गळते. कोरोना मला मनापासून आवडतं, सेटिंग कमी आणि लाईट इतकी मऊ पडते की बघत राहावं, पण ते चालतं फक्त थ्रीडीएस मॅक्स आणि सिनेमा फोरडी या दोन मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे तुम्ही मॉडेल स्केचअपमध्ये करणारे असाल तर विषयच संपला. आणि ते सगळं काम प्रोसेसरवर करतं, त्यामुळे लाखभराचं कार्ड घेऊन कोरोना लावलं तर ते कार्ड नुसतं बसून राहणार. व्ही-रेचं तसं नाही, ते प्रोसेसरवरही चालतं आणि कार्डवरही, आणि स्केचअप, रायनो, रेव्हिट, मॅक्स सगळीकडे चालतं. डी-फाईव्हला मात्र चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज पाहिजेच, साध्या लॅपटॉपवर त्याच्या नादी लागू नका.

आता खरा फरक कुठे पडतो ते सांगतो. एका टू-बीएचकेच्या बेडरूममध्ये वॉर्डरोबला स्लायडिंग आरसा होता, मी तेव्हा वापरत होतो त्या रिअल-टाईम (म्हणजे बदल केला की लगेच चित्र दाखवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये व्ह्यू काढला, दिसायला झकास, पण काकूंनी बघितल्या बघितल्या विचारलं, "आरशात माझा पलंग कुठे गेला?" पलंग कॅमेऱ्याच्या मागे होता. रिअल-टाईमची जुनी पद्धत अशी की स्क्रीनवर जे दिसतंय तेवढंच आरशात दाखवता येतं, बाकी अंदाजाने भरायचं. रे-ट्रेसिंगमध्ये प्रकाशाच्या प्रत्येक किरणाचा हिशोब होतो म्हणून पलंग आपोआप येतो. लुमियनमध्ये २०२३ च्या व्हर्जनला रे-ट्रेसिंग आलं, त्याआधी आरसा दिसला की रिफ्लेक्शन प्लेन हाताने लावत बसायला लागायचं. ट्विनमोशन या आणखी एका रिअल-टाईम सॉफ्टवेअरमध्येही पाथ ट्रेसर (असाच किरणांचा हिशोब करणारा मोड) चालू केला की आरसा बरोबर येतो, फक्त वेळ वाढतो.

तसंच देवघराचं. पितळेची समई, मागे कोरियन या कृत्रिम दगडाची जाळी आणि जाळीच्या मागून वॉर्म लाईट, हा एवढा दोन फुटांचा कोनाडा मी व्ही-रेमध्ये लावला तेव्हा समईच्या पोटावर बाजूच्या सागवानी व्हिनियरचा तांबूस रंग आला, तो मी दिला नव्हता, तो लाईट फिरून आला होता. फायनल स्टिलला, म्हणजे एकेका स्थिर चित्राला, क्लायंट इथेच गार पडतो, आणि म्हणून स्टिलसाठी माझं मत अजूनही व्ही-रे किंवा कोरोनाच.

पण मीटिंगमध्ये क्लायंटने लॅमिनेट बदलून बघा म्हटल्यावर वीस मिनिटं थांबा असं सांगता येत नाही. तिथे एनस्केपला तोड नाही, स्केचअपमध्ये रंग बदलला की स्क्रीनवर शेजारच्या विंडोत लगेच बदलतो. शिवाय एनस्केप, कोरोना (२०१७ पासून) आणि व्ही-रे हे तिन्ही आता केऑस या एकाच कंपनीच्या घरात आहेत, २०२२ मध्ये एनस्केप त्यांच्यात आलं, त्यामुळे एनस्केपचा सीन व्ही-रेत उघडून पुढे नेता येतो. स्केचअपवाल्यांना मी हाच रस्ता सांगतो.

वॉकथ्रू, म्हणजे घरातून फिरल्यासारखा व्हिडिओ, करायचा असेल तर साधं गणित करा. एक मिनिट, सेकंदाला ३० फ्रेमने (फ्रेम म्हणजे एक चित्र), म्हणजे १,८०० फ्रेम. व्ही-रेत एका फ्रेमला ५ मिनिटं धरली तर १५० तास, मशीन सहा दिवस अडकलं आणि मध्ये लाईट गेली तर विचारूच नका. तेच लुमियन किंवा डी-फाईव्हला फ्रेममागे १० सेकंद लागले तर ५ तास, रात्री लावून झोपा. बंगल्याचं एलेव्हेशन, झाडं, पाऊस, बिल्डरचा प्रोजेक्ट अशा कामांना लुमियन उत्तमच आहे, फक्त महाग पडतं. आणि तुळशीवृंदावन, पितळी कड्यांचा झोपाळा असलं आपलं सामान मला तरी कुठल्याच लायब्ररीत मनासारखं मिळालं नाही, ते स्वतःच मॉडेल करून जपून ठेवा.

पैशाची ओढाताण असेल तर क्रॅकच्या, म्हणजे चोरीच्या कॉपीच्या, मागे लागू नका, व्हायरस येतो आणि उद्या एखाद्या मोठ्या क्लायंटने लायसन्स मागितलं तर तोंड दाखवता येत नाही. ट्विनमोशन वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमाई असलेल्यांना फुकट आहे, म्हणजे आपण सगळेच आलो त्यात. डी-फाईव्हचं फुकट व्हर्जनही शिकायला पुरतं. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर तर पूर्णच मोफत आणि त्यातलं सायकल्स हे रेंडर इंजिन खरंच तोडीस तोड आहे, पण हात बसायला काही महिने द्यावे लागतात आणि स्केचअपचं मॉडेल आणल्यावर उलटे फेस (आतली बाजू बाहेर आलेले पृष्ठभाग) नीट करण्यात जीव जातो.

विकत घेण्याआधी ट्रायल टाका आणि त्यांचे तयार सीन बघू नका, स्वतःचीच एक खोली घ्या, तिच्यात एक आरसा, एक पितळेचं भांडं आणि खिडकीला शिअर (पातळ, अर्धपारदर्शक) पडदा ठेवा, पांढऱ्या सिलिंगच्या कोपऱ्यात डाग येतायत का ते झूम करून बघा आणि घड्याळ लावून वेळ लिहून ठेवा.