डेकचं तेल-स्टेन: आठ महिने ऊन-पाऊस खाल्ल्यावर

घराबाहेरच्या लाकडी डेकला लावायचं हे रंग मिसळलेलं तेल. मधल्या काळात दोनदा या मालाला एक तारा द्यायला बसलो होतो. आता चार देतोय. पाचवा झाकणापायी गेला, त्यावर शेवटी येतो.

आधीच्या वॉर्निशचे पोपडे खरवडून हात दुखले, म्हणून या वेळी लाकडात मुरणारं तेल घेतलं. बिनरंगी मुद्दाम टाळलं. उन्हापासून वाचवतं ते रंगद्रव्य, नुसत्या तेलाखाली फळ्या करड्या पडतातच. 80 नंबरचा पॉलिश पेपर मारला. त्याहून गुळगुळीत केलं तर तेल आत शिरायला मागत नाही.

डब्यावर लिहिलं होतं, वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून काढा. पैसे मोजून आणलेलं तेल फडक्याला पाजायचं? नाही पुसलं. उलट सढळ हाताने दुसरा हातही मारला. तीन आठवडे झाले तरी चप्पल चिकटतेच आहे. धूळ बसली, केस बसले, एक मुंगळा तर कायमचा राहिला. कंपनीला दोनदा फोन केला, तर तिकडून एकच प्रश्न, "पुसलं होतं का?" मी दोन्ही वेळा आवाज चढवला.

पण डेकच्या दोन पायऱ्या बायकोने रंगवल्या होत्या, आणि पुसल्याही होत्या. त्या ठणठणीत कोरड्या. मग काय, गुडघ्यांवर बसून टर्पेंटाइनच्या फडक्याने अख्खा डेक पुसला. (तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. तेल वाळताना तापतं, आणि बोळा आपोआप पेटू शकतो.)

त्यानंतर तक्रार नाही. पाणी अजून थेंब धरून राहतं. फळ्यांची कापलेली टोकं तेवढी काळवंडली. तिथून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं आणि तिथेच मी एक हात देऊन सोडलं होतं.

आता झाकण. ब्रश काठावर निपटला की खाचेत तेल साचतं, झाकण नीट बसत नाही, आत हवा जाते. पाव डबा पुढच्या खेपेसाठी राखला होता. परवा उघडला तर वर जाड साय आणि खाली जेली. जे पुसायला जिवावर आलं, त्याच्या कितीतरी पट असं फुकट गेलं! उरलेलं तेल काठोकाठ भरेल अशा छोट्या बाटलीत ओतून ठेवायचं असतं, हे डब्यावर कुठेच नाही. वीस मिनिटांचं मात्र ठळक अक्षरांत आहे.