मलेरियाच्या दोन लसी: आरटीएस,एस की आर२१?

दोन्ही लसी एकाच शत्रूवर नेम धरतात: मलेरिया घडवणाऱ्या फॅल्सिपेरम या परजीवीच्या अंगावरचं एक प्रथिन. परजीवी डासाच्या चाव्यातून रक्तात शिरून यकृताकडे निघतो, तेव्हाच त्याला गाठायचं.

आरटीएस,एस आधी आली. 2019 पासून घाना, केनिया आणि मलावीत ती लाखो मुलांना दिली गेली आणि लस मिळण्याच्या वयातल्या मुलांचे मृत्यू सुमारे 13 टक्क्यांनी घटले. एवढा प्रत्यक्ष अनुभव आर२१च्या पाठीशी अजून नाही, आणि माझ्या मते ही मोठी गोष्ट आहे.

आर२१ ऑक्सफर्डमध्ये घडली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये तिची शिफारस केली. एका डोसची किंमत 2 ते 4 डॉलर, म्हणजे आरटीएस,एसच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय आरटीएस,एसची पूड दुसऱ्या कुपीतल्या द्रवात मिसळून मगच टोचावी लागते. आर२१ तयार द्रवरूपातच येते. बाहेर बाळांना घेऊन आयांची रांग लागलेली असताना नर्सच्या हातातलं एवढं काम वाचणंही मोलाचं.

जास्त प्रभावी कोणती? दोघींची थेट समोरासमोर चाचणी झालेली नाही, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून निकाल देऊ नये. डोस दोन्हींचे चारच. मी मात्र आर२१च्या बाजूनं आहे. आरटीएस,एसचा पुरवठा सुरुवातीपासून तोकडा पडला, आणि कुपी गावापर्यंत पोचलीच नाही तर त्या बाळाला लसीचा काय उपयोग?