आडवी टांगती बाटली की वातीची कुंडी?

शीतपेयाची रिकामी बाटली आडवी धरून तिच्या वरच्या अंगाला खिडकी कापली आणि ती दोरीने गॅलरीत टांगली, तर मुलांना रंगवायला ऐसपैस जागा मिळते. मात्र मातीचा थर उथळ राहिल्याने उन्हाळ्यात तो लवकर सुकतो.

याउलट, बाटली मधोमध कापून तोंडाकडचा भाग खालच्या भागात उलटा बसवला आणि झाकणाच्या छिद्रातून सुती वात पाण्यात सोडली, तर केशाकर्षणाने पाणी आपोआप मातीपर्यंत चढते, आणि कोथिंबिरीला रोज पाणी घालायचे विसरणाऱ्या मुलांसाठी मला हीच कुंडी अधिक योग्य वाटते. खालचा भाग रंगवल्यास शेवाळ कमी धरते, पण पातळी दिसावी म्हणून एक उभी पट्टी कोरी ठेवावी. डास होऊ नयेत यासाठी पाणी आठवड्याच्या आत बदलावे लागते, एवढी कटकट टांगत्या बाटलीत नाही. कापण्याचे काम दोन्हींत मोठ्यांनीच करावे.