अमरावतीकडच्या एका शेल्टरचा अनुभव: ५ पैकी ४ स्टार

आमी दर्यापूर तालुक्यातले, वावरात राखणीले पिल्लू पाहाले गेलो अन घेऊन आलो म्हातारं कुत्रं. नऊ-दहा वर्षाचं असन, गळ्याभोवती साखळीचा वळ आहे, तिथं केसच येत नाही. तिथल्या ताई म्हणे याले कोणी नेत नाही, सगळ्यायले पिल्लूच पाहिजे, मंग काय, बसवलं ऑटोत.

शेल्टरवाल्यायनं काही लपवलं नाही हे लय आवडलं. दात झिजले, मागचा पाय आखडते, गोचिडाचा ताप होऊन गेला, डॉक्सीसायक्लिनचा २८ दिवसाचा कोर्स झाला, सगळं फाईलीत लिहून देलं, रेबीजच्या लसीचं कार्ड बी. पैसे नाही घेतले, फक्त आधारची झेरॉक्स. एक स्टार कापला तो फोनसाठी, नंतर काही विचाराचं असलं तर चार-चार दिवस उचलतच नाहीत राजेहो.

पहिले आठ दिवस ते कोठ्यात कुटाराच्या मांगं बसून राहे, कोणी हात वर केला, नुसतं डोकं खाजवाले बी, तरी डोळे मिटून घे. आता भाकर दुधात कुस्करून देतो, उष्टी भाजी अजिबात नाही, कांद्यानं कुत्र्याचं रक्त कमी होते. आई पयल्या दिवशी म्हणे हे काय लचांड आणलं, अन आता उन्हाळ्यात तेच त्याच्यासाठी ओलं पोतं टाकते. रात्री माह्या बाजेखाली झोपते अन घोरते असं का शेजारच्यानं इचारलं, पाव्हणे आले काय?