हॉस्पिटलच्या नोंदी कशावर उभ्या करायच्या: फायर की ओपनईएचआर?

हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बांधताना दोन खुली मानकं समोर येतात: फायर (FHIR), म्हणजे एका सिस्टिमकडून दुसरीकडे आरोग्याची माहिती पाठवण्याचं मानक, आणि ओपनईएचआर (openEHR), म्हणजे पेशंटच्या नोंदी साठवण्याचं मॉडेल. आधी एक मुद्दा बाजूला काढतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी (एबीडीएम, डिजिटल आरोग्य नोंदींची सरकारी योजना) जोडणी करायची असेल तर फायर टळत नाही. पुण्याच्या सी-डॅकमधल्या एनआरसीईएस या आरोग्य नोंदींच्या मानकांच्या केंद्राने या जोडणीसाठी जी प्रोफाइलं (नोंदींचे ठरलेले साचे) दिली आहेत, ओपी कन्सल्टपासून डिस्चार्ज समरीपर्यंत, ती सगळी फायरच्या आर४ या आवृत्तीवर बेतलेली आहेत. पेशंटच्या आभा नंबरावर (डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) रेकॉर्ड जायचं तर ते फायरच्याच बंडलमधून, म्हणजे एकत्र बांधलेल्या नोंदींच्या गठ्ठ्यातून, जाणार. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईत हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांनी ‘फायर हवं की नको’ यावर चहा गार करू नये. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. रेकॉर्ड बाहेर जात नसतं तेव्हा, म्हणजे बहुतेक सगळा वेळ, ते आपल्याकडे कोणत्या मॉडेलवर पडून असतं?

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या टीमने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. कोपरखैरण्याच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये फायर सर्व्हर हाच मुख्य साठा आहे. घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलमध्ये, जिथे प्रसूती विभाग मोठा आहे, आधी फायर होतं आणि आता ओपनईएचआर आहे. पुढचं सगळं या दोन ठिकाणांच्या अनुभवावरून लिहितोय. तुमचं हॉस्पिटल वेगळं असेल तर हिशेबही वेगळा लागू शकतो.

तिसरी वाट आहेच, ती पटकन उरकतो. सॉफ्टवेअरची मानकं ठरवणाऱ्या ओएमजीने २००१ साली एमडीए (मॉडेलवरून सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत) मांडलं तेव्हापासूनची ती कल्पना: यूएमएल या आकृत्यांच्या भाषेत मॉडेल काढा, त्यातून टेबलं आणि कोड तयार करून घ्या. बिलिंग, बेड, फार्मसी, टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपन्यांच्या) फायली यांना ही पद्धत आजही छान चालते आणि आम्ही तो भाग तसाच ठेवलाय. पण क्लिनिकल नोंदींचं मॉडेल बदललं की कोड नव्याने काढायचा, जुनी टेबलं हलवायची, मग रात्री रिलीज. आणि वॉर्डातले फॉर्म काही बदलायचे थांबत नाहीत. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचची तपासणी जवळ आली की नर्सिंग असेसमेंटमध्ये चार ओळी वाढतात. नवे भूलतज्ज्ञ रुजू झाले की प्री-ऑपचा कागद बदलतो. दर वेळी डेव्हलपर लागणार असेल तर मॉडेल असून नसल्यासारखंच.

ओपनईएचआरने नेमका हाच सांधा तोडलाय. तिथे दोन पातळ्या आहेत. खाली रेफरन्स मॉडेल: काँपोझिशन, ऑब्झर्व्हेशन, इव्हॅल्युएशन, इन्स्ट्रक्शन, ॲक्शन अशी मोजकी, सहसा न बदलणारी रचना. डेटाबेस आणि कोड फक्त हीच पातळी ओळखतात. रक्तदाब म्हणजे काय, ॲलर्जी म्हणजे काय, हे वरच्या पातळीवर आर्किटाइपमध्ये, म्हणजे त्या एका गोष्टीच्या सगळ्या रकान्यांच्या व्याख्येत, असतं, आणि हवे ते आर्किटाइप निवडून त्यांचं टेम्प्लेट बनवलं की फॉर्मचा आराखडा तयार. नवं टेम्प्लेट चालू सर्व्हरवर चढवता येतं, टेबलाला हात लागत नाही. फायर हलतं ते उलट दिशेने. ऑब्झर्व्हेशन, कंडिशन, मेडिकेशनरिक्वेस्ट असे तयार रिसोर्स (नोंदीचे घटक), बहुतेक ठिकाणी लागतं तेवढंच त्यांच्या गाभ्यात, आणि उरलेल्यासाठी एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडलेले रकाने. सिस्टिमनी एकमेकांशी बोलावं म्हणून ते जन्माला आलं, आणि ते काम ते फारच चांगलं करतं.

फरक हाताला लागतो तो साध्या उदाहरणात. रक्तदाब घ्या. फायरमध्ये तो ऑब्झर्व्हेशन म्हणून येतो, लॉइंक या तपासण्या-मोजमापांच्या कोडयादीतला ८५३५४-९ हा कोड, आत सिस्टॉलिक-डायस्टॉलिकचे दोन कंपोनंट. सुटसुटीत. रक्तदाब घेताना पेशंट बसला होता की आडवा, हे लिहायचं असेल तर त्यासाठी प्रमाणित एक्स्टेंशन आहे, पण ते लावायचं तुम्ही, आणि तेही आठवणीने. ओपनईएचआरच्या आर्किटाइपमध्ये पेशंटची स्थिती, कफचा आकार, मोजल्याची जागा हे सगळं पहिल्यापासून मांडलेलं असतं. नको ते टेम्प्लेटमध्ये बंद करायचं. स्थितीच्या यादीत उभं, बसलेलं, रेललेलं, आडवं आणि शिवाय ‘डाव्या बाजूला कलतं आडवं’ असा एक पर्याय आहे. आमच्या प्रसूतीतज्ज्ञ मॅडमना तो पडद्यावर दिसला तेव्हा त्या म्हणाल्या, “हे तुम्हाला कुणी सांगितलं?” आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आर्किटाइप लिहिताना कुठल्या तरी देशात कुणी तरी गरोदर बाईचा रक्तदाब घेणाऱ्या माणसाला विचारलं होतं, एवढंच.

एवढ्यावर मी बाजू बदलली नसती. एक्स्टेंशनचा मला तसा राग नाही, अति झालं की त्रास होतो. आपल्या सोसायट्यांतल्या खिडक्यांच्या ग्रिलसारखं आहे ते: प्रत्येकजण आपापली बाहेर काढतो, प्रत्येकाचं कारण रास्त असतं, आणि पाच-सात वर्षांनी बिल्डिंगचा मूळ नकाशा कुणाच्याच लक्षात राहत नाही. पण शिस्तीची टीम असेल तर हे आटोक्यात राहतं.

मला छळलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मॅडमना एक यादी हवी होती. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त आढळलेल्या आणि त्याच सुमारास डोकं दुखतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय अशी तक्रार केलेल्या सगळ्या बायका. प्री-एक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोकादायक आजार) दृष्टीने अगदी सरळ प्रश्न. रक्तदाबाचा अर्धा भाग फायरवर लगेच निघाला, कारण तो ऑब्झर्व्हेशनमध्ये होता. अडलं ते डोकेदुखीपाशी. तक्रारी घेतल्या जात होत्या फॉर्मवर, आणि फायरमध्ये फॉर्म म्हणजे क्वेश्चनेअर, भरलेला फॉर्म म्हणजे क्वेश्चनेअररिस्पॉन्स. गरोदरपणाच्या ओपीडीचा फॉर्म एकाने बांधलेला, कॅज्युअल्टीचा दुसऱ्याने, लेबर रूमचा तिसऱ्याने. डोकेदुखीचा प्रश्न तिन्हींवर होता आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा लिंकआयडी (फॉर्ममधल्या प्रश्नाची ओळखखूण) वेगळा. एकीकडे नुसता ‘४.२’, एकीकडे ‘हेडेक’, तिसरीकडे ‘क्यू१७’. बरं, लिंकआयडी एकच असता तरी फार फरक पडला नसता. आर४मध्ये क्वेश्चनेअररिस्पॉन्स शोधता येतो पेशंटवरून, तारखेवरून, कोणता फॉर्म होता त्यावरून. आत काय उत्तर दिलंय त्यावरून शोधायची सोय मूळ सर्च पॅरामीटर्समध्ये नाही. म्हणजे उत्तर साठवलेलं आहे, दिसतंय, छापता येतंय, फक्त विचारता येत नाही.

याला उपाय आहे, तो सांगायलाच हवा. फायरच्या स्ट्रक्चर्ड डेटा कॅप्चरच्या मार्गदर्शिकेप्रमाणे फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नाला स्नोमेड (वैद्यकीय संज्ञांची कोडयादी) किंवा लॉइंकचा कोड लावायचा, आणि फॉर्म जमा झाला की त्यातून ऑब्झर्व्हेशन काढून घ्यायची. आम्ही तेही केलं, आणि ते चालतं. पण त्यात एक मेख आहे. कोणत्या प्रश्नाला कोड लावायचा हे फॉर्म बांधतानाच ठरवावं लागतं. डोकेदुखीबद्दल पुढे कुणी विचारेल हे आज फॉर्म बांधणाऱ्या मुलाला कसं कळावं? त्याला सिस्टरांनी संध्याकाळी फोन करून सांगितलेलं असतं की उद्या सकाळपर्यंत फॉर्म लागणार आहे. तो प्रश्न टाकतो, कोड राहतो. दोन महिन्यांनी कोड लावला तर आधीच्या फॉर्मांमधून पुन्हा उत्तरं उपसायची.

ओपनईएचआरमध्ये ही पळवाट मुळातच अरुंद आहे. तिथे मोकळा प्रश्न टाकताच येत नाही. प्रत्येक रकाना कुठल्या तरी आर्किटाइपमधूनच उचलावा लागतो. तक्रारींसाठी लक्षणांचं आर्किटाइप आहे, त्यात लक्षणाचं नाव, तीव्रता, कधीपासून, कशाने वाढतं असे रकाने. ओपीडी, कॅज्युअल्टी, लेबर रूम, तिन्ही टेम्प्लेटांमध्ये तेच बसवलं. मग एक्यूएल या ओपनईएचआरच्या शोधभाषेत विचारायचं की ज्या ज्या नोंदीत हे आर्किटाइप आहे आणि लक्षण डोकेदुखी आहे, त्या द्या. कोणत्या फॉर्मवरून आलं हे विचारावंच लागत नाही. पुढे आयसीयूचा नवा फॉर्म आला आणि त्यात तेच आर्किटाइप घेतलं, की जुनी क्वेरी त्यालाही आपोआप लागू. मॅडमची यादी अशी निघाली. माझा कल फिरला तो इथे.

आता दुसरी बाजू, कारण ओपनईएचआर काही गुळगुळीत रस्ता नाही. पहिल्यांदा एक्यूएलचा पाथ (रकान्यापर्यंतचा पत्ता) पाहून आमची एक डेव्हलपर म्हणाली, “सर, हे माणसांसाठी आहे का?” सिस्टॉलिकचं नाव तिथे एटी०००४, डायस्टॉलिक एटी०००५, आणि त्याआधी एटी०००१, एटी०००६, एटी०००३ अशा पायऱ्या उतरायच्या. सवय होते, पण सहजी नाही. शोधांना नावं देऊन ते एका जागी साठवा आणि पडद्याच्या कोडमध्ये पाथ येऊ देऊ नका, एवढा सल्ला देतो. दुसरं म्हणजे, पळवाट अरुंद आहे म्हटलं, बंद आहे असं नाही. कंटाळलेला माणूस सगळं ‘स्टोरी’च्या आर्किटाइपमध्ये मजकूर म्हणून लिहून मोकळा होऊ शकतो, आणि मग तुम्ही पुन्हा तिथेच. टेम्प्लेट बनवताना डॉक्टरांपैकी कुणी तरी आठवड्याला तासभर बसायला हवं. असं माणूस हॉस्पिटलकडे नसेल तर ओपनईएचआर घेऊन फार काही साधणार नाही, असं मला वाटतं. तिसरं, एबीडीएमसाठी काँपोझिशनमधून फायर बंडल बनवणारा अनुवादक लिहावाच लागतो. कटकटीचं काम आहे, पण बाहेर जाणाऱ्या कागदांचे प्रकार थोडेच असतात, त्यामुळे ते एका बाजूला बांधून ठेवता येतं.

आणि माणसं. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत अमेरिकन हेल्थकेअरच्या प्रोजेक्टवर काम केलेली मुलं बरीच आहेत, कारण तिकडे सरकारी नियमांनी फायर आर४चे एपीआय सक्तीचे केलेत. फायर येणारा माणूस शोधायला फार फिरावं लागत नाही. ओपनईएचआर आधीपासून येणारा मला तरी आजवर कुणी भेटलेला नाही, शिकवावंच लागलं. नॉर्वेत, कॅटलोनियात, जर्मनीच्या हायमेड या हॉस्पिटलांच्या गटात हे वापरात आहे हे सांगून मुलाखतीला आलेल्या मुलाचं समाधान होत नाही, त्याला पुढच्या नोकरीत काय उपयोग ते हवं असतं. तो प्रश्न रास्तच आहे.

खर्चाच्या बाजूने दोन्हीकडे फार फरक नाही. हापी फायर (फायरचा सर्व्हर) आणि ईएचआरबेस (ओपनईएचआरचा), दोन्ही मोफत आणि खुले, दोन्ही जावामध्ये, दोन्ही पोस्टग्रे डेटाबेसवर चालतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६च्या ईएचआर मानकांतही ओपनईएचआरचं मॉडेल आणि आयएसओ १३६०६ (आरोग्य नोंदींचं आंतरराष्ट्रीय मानक) यांचा उल्लेख आहे, तेव्हा ट्रस्टींनी ‘हे आपल्याकडे चालतं का’ असं विचारलं तर उत्तर आहे. आवृत्त्या बदलण्याची भीती दोन्हीकडे सारखीच. फायर आर५मध्ये एन्काउंटरचा पीरियड ॲक्च्युअलपीरियड झाला, ओपनईएचआरमध्येही आर्किटाइप व्ही१चं व्ही२ होतं.

मग कुणी काय घ्यावं? ओपीडीपुरतं पॉलिक्लिनिक असेल, लॅब असेल, एखादं ॲप असेल, तर फायरच साठा म्हणून पुरे. कोपरखैरण्याचं ते पॉलिक्लिनिक मजेत चाललंय, आणि तिथे ओपनईएचआर आणायचा विचार माझ्या मनातही येत नाही. एबीडीएमची जोडणी लवकर हवी आणि टीम दोन-तीन जणांची असेल तरीही तेच. पण वॉर्ड असतील, लेबर रूम असेल, डायलिसिस असेल, तोच पेशंट पुन्हा पुन्हा येत असेल आणि डॉक्टर आपल्या नोंदींना प्रश्न विचारणारे असतील, तर थोडा त्रास घ्यावा. आतला साठा ओपनईएचआरवर ठेवावा आणि फायरला बाहेर जाण्याच्या वाटेवर बसवावं.

ठरवायच्या आधी एक करून बघा. हॉस्पिटलमधले वापरातले तीन कागद घ्या, शक्यतो एकाच आजाराभोवतीचे पण तीन वेगळ्या विभागांतले. आर्किटाइप डिझायनर ऑनलाइन फुकट वापरता येतो आणि सीकेएम या ओपनईएचआरच्या ऑनलाइन संग्रहातली आर्किटाइपही मोकळी आहेत. त्यांतून तिन्हींची टेम्प्लेटं बनवा. तेच तीन कागद क्वेश्चनेअर म्हणूनही बांधा. मग मेडिकल सुपरिंटेंडेंटना सांगा, या तिन्हींवर मिळून उत्तर लागेल असा एक प्रश्न विचारा, पण फॉर्म बांधून झाल्यावर विचारा, आधी नको. त्या बैठकीला डेव्हलपरला एकट्याला पाठवू नका. लेबर रूमच्या सिस्टर सोबत असू द्या. कोणता रकाना रोज भरला जातो आणि कोणता नुसता कागदावर आहे, हे त्याच सांगतील.