बारा गिअरचा ऑटोमॅटिक घोडा: घाटात, बंदराच्या रांगेत आणि समृद्धीवर कसा चालतो

ज्यांना नवा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, घ्यायचाय किंवा मालकानं एएमटी (क्लच न दाबता आपोआप गिअर टाकणाऱ्या) गाडीची चावी हातात दिलीये त्यांच्यासाठी लिहितोय. माझी लाईन न्हावाशेवा ते पुणे, सातारा, कोल्हापूर, कधी पुढं बेंगळुरू आणि अधूनमधून समृद्धीनं नागपूर. गाडी कंटेनर ट्रेलरची, पासिंग (मालासकट एकूण वजन) ५५ टन, १२ गिअरची एएमटी, इंजिन ब्रेक आहे, रिटार्डर (उतारावर चाकांचे ब्रेक न वापरता वेग धरणारा जादा ब्रेक) आहे, पुढं रडार, काचेवर एक कॅमेरा आणि दुसरा कॅमेरा थेट ड्रायव्हरच्या तोंडावर. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण थोड्याफार फरकानं हेच सगळं आता बऱ्याच कंपन्यांच्या वरच्या मॉडेलात मिळतंय.

आधी गिअरबॉक्स. बऱ्याच जणांना वाटतं की हे काहीतरी वेगळंच मशीन आहे, तसं नाही. आत तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हवेवर आणि कॉम्प्युटरवर सोपवलंय. व्होल्वोनं आय-शिफ्ट नावाचा असाच गिअरबॉक्स २००१ मध्ये आणला, म्हणजे जगात हे नवीन नाही, आपल्याकडंच उशिरा पोचलं. आणि ज्यानं बंदराच्या गेटबाहेर रात्रभर रांगेत भरलेली गाडी फूटफूट पुढं सरकवलीये त्याला यातलं सुख सांगायची गरजच नाही. डावा पाय मोकळा! चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला डाव्या गुडघ्याचं विचारा, कंबरेचं विचारा, मग कळेल क्लच नसणं म्हणजे काय ते. दिवस संपल्यावर अंगात जीव शिल्लक राहतो, जेवण नीट जातं. फक्त याच एका गोष्टीसाठी मी एएमटीला पूर्ण मार्क देतो.

पण रांगेत एक सांभाळा. चढावर उभं राहताना ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती पहिली सोडा, कारण तिथं कॉम्प्युटर हाफ क्लचवरच गाडी धरतो आणि प्लेट तापते, वॉर्निंग येते, तरी ऐकलं नाही तर प्लेट जळणार. ब्रेकवर उभं राहा, निघताना हिल असिस्ट दोनतीन सेकंद गाडी धरतो तेवढ्यात निघा. रिव्हर्सला मात्र मला अजून समाधान नाही, गोडाऊनच्या डॉकला इंच इंच मागं घ्यायचं असतं तिथं क्लच धरतो-सोडतो आणि झटका बसतो, जुन्या गाडीत पायानं जेवढं नाजूक जमायचं तेवढं इथं जमत नाही.

बोरघाट चढताना गाडी स्वतः चढ ओळखते, वजनाचा अंदाज घेते, गरज असेल तर दोन गिअर एकदम खाली टाकते. नव्वद टक्के वेळा बरोबर करते. उरलेल्या वेळी काय होतं, की चढ जरा सैल झाला की ती लगेच वरचा गिअर टाकते आणि पुढच्या वळणाला परत खाली येते, तेवढ्यात वेग गेला. तिला पुढचं वळण दिसत नाही, आपल्याला दिसतं. म्हणून घाट लागला की मॅन्युअल मोडला टाकून गिअर धरून ठेवायचा, खंबाटकीला पण तसंच.

आता उतार, आणि इथं मला जरा जास्त बोलायचंय. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंतचा उतार आपल्या सगळ्यांना माहितीये. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका ट्रकनं पन्नासच्या आसपास गाड्या उडवल्या, आणि उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडली होती असं तेव्हा पोलिसांकडून सांगण्यात आलं होतं. डिझेल वाचवायला! अरे बाबांनो, इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, दोनचार वेळा ब्रेक मारला की हवा संपली, पॉवर स्टेअरिंग पण गेलं, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन ब्रेकचा काही उपयोगच नाही. शिवाय आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला की डिझेलचा सप्लाय आपोआप कट होतो, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलला सोडली तर उलट आयडलिंगचं डिझेल जळतं. म्हणजे जीव धोक्यात आणि डिझेल पण काही वाचत नाही. हे प्रत्येक मालकानं आपल्या प्रत्येक ड्रायव्हरला समोर बसवून सांगावं असं माझं कळकळीचं म्हणणंय.

रिटार्डरवाल्या गाडीत हा उतार वेगळाच अनुभव आहे. स्टेअरिंगजवळचा लिव्हर एकेक टप्पा ओढायचा, गाडी स्वतः गिअर खाली टाकून आरपीएम वर ठेवते, आणि भरलेला ट्रेलर ब्रेकला जवळजवळ पाय न लावता खाली येतो. लायनर थंड, ड्रम थंड, खाली अचानक ट्रॅफिक थांबलेलं असलं तर खरा ब्रेक पूर्ण ताकदीनं शिल्लक असतो. फक्त पावसात रिकामा ट्रेलर असताना मोठा टप्पा एकदम ओढू नका, ब्रेक फक्त घोड्याच्या मागच्या चाकांना लागतो आणि ट्रेलर मागून ढकलून गाडी घडी होऊ शकते. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) असलेल्या गाडीत चाक घसरलं की रिटार्डर आपोआप सुटतो, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. नव्या गाडीच्या डिलिव्हरीच्या वेळी मोबाईल कनेक्ट कसा करायचा ते अर्धा तास शिकवतात आणि रिटार्डर पाच मिनिटांत उरकतात, हे चुकीचं आहे.

रडारचा ऑटो ब्रेक (पुढची गाडी फार जवळ आली की आपोआप लागणारा) आणि लेनची वॉर्निंग (गाडी पट्टा सोडायला लागली की येणारा आवाज) या दोन गोष्टी युरोपात नवीन मोठ्या ट्रकला २०१५ पासून सक्तीच्या आहेत. तिथं लेन म्हणजे लेन. आपल्याकडं पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की त्या फटीत डावीकडून एक कार घुसते, रडार ब्रेक मारतो, आणि माझ्या मागं चिकटून आलेल्या टेम्पोत असलं काही नसतं. भीती पुढची नाही, मागची वाटते. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू असलेल्या पट्ट्यात लेनच्या वॉर्निंगचा काही उपयोग नाही, पट्टे पुसलेले, डायव्हर्जन, जुन्या-नव्या रेषा एकमेकीत. पण हीच सिस्टीम समृद्धीवर सोन्यासारखी आहे. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता, पट्टे ठळक, आणि दुपारी दोनच्या उन्हात डोळे उघडे असून डोकं झोपतं, तेव्हा तो आवाज खरंच माणूस जागा करतो.

तोंडावरच्या कॅमेऱ्याबद्दल ड्रायव्हर लोकांत सगळ्यात जास्त राग आहे आणि तो मला बरोबर वाटतो. झोपेची डुलकी पकडली, आवाज दिला, इथपर्यंत उत्तम. पण तो क्लिप बनवून ऑफिसला पाठवतो, आणि ओळखीच्या एका ड्रायव्हरचे आरशात वळून बघितल्याचे पण मार्क कापले गेले, महिन्याच्या शेवटी भत्त्यातून पैसे गेले. १९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या लेबर कोडमध्ये गेला, पण त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती. तोच कॅमेरा, तोच जीपीएस हे तास पण मोजू शकतो ना? ड्रायव्हर चौदा तास बसलाय हे ऑफिसच्या स्क्रीनवर दिसतच असतं, तेव्हा फोन येतो तो "कुठपर्यंत पोचला" म्हणून. आणि "आता गाडी ऑटोमॅटिक आहे, दमायला काय होतंय" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. पायाचं काम कमी झालं म्हणून डोळ्यांचं आणि डोक्याचं कमी होत नाही, रात्रीच्या घाटात तर अजिबात नाही. गाडीनं जी ताकद वाचवली ती ड्रायव्हरची आहे, मालकानं ती जादा फेरीत वापरू नये.

ढाब्यावर पोरं विचारतात की बिनड्रायव्हरच्या गाड्या येणार म्हणे. अमेरिकेत टेक्सासमध्ये ऑरोरा कंपनीनं २०२५ मध्ये डॅलस-ह्यूस्टन हायवेवर सुरू केल्यात, खरं आहे. पण इथं ताडपत्री, गेट पास, टायर बघणं, उलट्या दिशेनं आलेला ट्रॅक्टर, हे सगळं कोण करणार? मला नोकरी जायची काळजी नाही, नोकरी टिकून माणूस झिजायची आहे.

घ्यायची असेल तर तीन गोष्टी आधी बघा. डेमो रिकाम्या गाडीवर घेऊ नका, भरलेली गाडी घाटात मागा, चढाला आणि उताराला दोन्ही. तुमच्या लाईनवर लॅपटॉपवाला मेकॅनिक किती लांब आहे ते विचारा, कारण सेन्सर गेला की गाडी गिअर घेत नाही आणि रस्त्यावरचा मिस्त्री काही करू शकत नाही, साधी हवेची गळती असली तरी गिअरचा त्रास सुरू होतो, त्यामुळं एअर ड्रायरचं (हवेतलं पाणी काढणाऱ्या भागाचं) फिल्टर वेळेवर बदला. आणि कॅमेऱ्याची क्लिप कोण बघणार, पैसे कापणार का, हे ड्रायव्हरनं गाडीत बसायच्या आधी मालकाकडून लिहून घ्यावं.