आयफोन १६ : फौजदारी वकिलीत काही महिने वापरल्यावर

कॅमेरा-बॅटरीवर भरपूर लिहून झालंय, म्हणून मी फक्त याच्या कुलपाबद्दल लिहिते. मुंबईच्या किल्ला कोर्टात माझी फौजदारी प्रॅक्टिस आहे. अशिलांचे व्हॉइस मेसेज, पंचनाम्यांचे फोटो, जामीनअर्जांचे मसुदे, सगळं याच फोनमध्ये. तो चोरीला गेला किंवा मुद्देमालात जमा झाला तर आतल्याचं काय, हा माझ्यासाठी रोजचा प्रश्न आहे.

पासकोड अक्षरं-आकडे मिसळून लांबलचक ठेवलाय. विरार फास्टमध्ये एका हाताने कडी धरून तो टाकणं जिकिरीचं, पण मी बदलणार नाही. फोनमधला डेटा कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात असतो, आणि तो उघडणारी किल्ली पासकोड आणि चिपमध्येच कोरलेला गुप्त आकडा मिळून तयार होते. त्यामुळे मेमरी काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर कोड शोधत बसता येत नाही. फोनवरच प्रयत्न करावे लागतात आणि चुकत गेलं की तो जास्त जास्त वेळ थांबवतो.

रिस्टार्टनंतर पहिल्यांदा पासकोड टाकेपर्यंत तर अशिलाचा कॉल आला तरी नाव दिसत नाही, नुसता नंबर. कॉन्टॅक्टसुद्धा बंद! आयओएस (आयफोनची प्रणाली) १८.१ पासून तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप रिस्टार्ट होऊन याच अवस्थेत जातो. जप्त होऊन कपाटात पडलेल्या फोनसाठी ही फार मोलाची गोष्ट.

कोर्टात शिरताना बाजूचं आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरते, की फेस आयडी (चेहरा ओळखून फोन उघडणं) बंद होऊन पासकोडच लागतो. कारण चेहरा किंवा ठसा यांची सक्ती होऊ शकते: बोटांचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलंय. पासकोडबद्दल मात्र एकमत नाही: कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तोही साक्ष नव्हे म्हटलं, दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपीवर सक्ती नाकारली.

२०१६ मध्ये एफबीआयने (अमेरिकेची तपाससंस्था) एका हल्लेखोराच्या आयफोनसाठी ॲपलकडून संरक्षण काढून टाकणारं सॉफ्टवेअर मागितलं. कोर्टाचा आदेशही मिळाला, ॲपलने विरोध केला, शेवटी एफबीआयने त्रयस्थाच्या मदतीने फोन उघडला. ॲपलचा विरोध मला पूर्ण पटतो. आदेश एका आरोपीपुरता असतो, पण असं सॉफ्टवेअर एकदा तयार झालं की माझ्या प्रत्येक अशिलाचा फोन त्याच्या टप्प्यात येतो.

खटकलेली गोष्ट एकच. आयक्लाउड बॅकअपची (ॲपलच्या सर्व्हरवरच्या प्रतीची) किल्ली मुळात कंपनीकडेही असते, म्हणजे फोन न उघडता तिथून डेटा मागवता येतो. ही किल्ली कंपनीकडे राहू न देणारं ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आपणच शोधून चालू करावं लागतं. चालू केलंत तर रिकव्हरी की (खातं परत मिळवण्याचा लांब कोड) कागदावर लिहून फोनपासून लांब ठेवा. ती हरवली आणि पासकोडही विसरलात तर ॲपलसुद्धा काही करू शकत नाही.